आधी त्याचं तिकीट काढ

झहीरभाईंकडे भांडण घेऊन जायचं असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. तिथे स्वतःची बाजू मांडता येत नाही. म्हणजे मांडता येते, पण नंतर. आधी समोरच्याला काय सलतंय ते तुम्ही सांगायचं, आणि तो "हां, बरोबर" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. मग तुमचा नंबर. याला झहीरभाई 'तिकीट काढणं' म्हणतात. "आधी त्याचं तिकीट काढ, मग तुझं," हे वाक्य नेरळपासून कशेळ्यापर्यंतच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी ऐकलंय, आणि ऐकताना त्यातल्या निम्म्यांनी झहीरभाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्यात.

झहीरभाई एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यातली बरीचशी कर्जत-कशेळे-मुरबाड रस्त्यावर गेली. कशेळ्याच्या बाजाराला निघालेल्या गाडीत माणसं, कोंबड्या, भाज्यांच्या पाट्या आणि रुसवेफुगवे एकदमच चढायचे. कुणी खिडकीवरून भांडायचं, कुणी कोंबडी पायाखाली आली म्हणून. झहीरभाई दोरी ओढून एक घंटी मारत. गाडी रस्त्यातच उभी. "मिटल्याबिगर गाडी हलनार नाय," असं म्हणून ते दाराशी शांत उभे राहत. बाकीचे प्रवासी मग भांडणाऱ्यांना असे काही धारेवर धरत की दोन मिनिटांत डबल बेल वाजायची आणि गाडी सुटायची.

पण तिकिटाची ती खास पद्धत त्यांना सुचली चांगोदादांमुळे. चांगोदादा शेलूचे, भातशेतीवाले. बायको जनी, माहेर कशेळ्याचं. तरुणपणी जनीवहिनी रुसल्या की तडक माहेर गाठायच्या, आणि मग चांगोदादा कर्जतला येऊन कशेळ्याची गाडी पकडायचे. कंडक्टरच्या शेजारी बसून ते सासरी काय बोलायचं याची तालीम करायचे. एकदा झहीरभाई वैतागले. "तू नुस्ता तुझंच सांगतोस. तिला काय लागलं ते सांगून बघ की आधी," असं त्यांनी सुनावलं. चांगोदादांनी सांगून बघितलं. परतीच्या गाडीत जनीवहिनी सोबत होत्या आणि हसत होत्या. तेव्हापासून दोघांची जी दोस्ती जमली ती जमलीच.

आता मधली वर्षं चटकन सांगून टाकतो, कारण ती फारशी सांगण्यासारखी नाहीत. झहीरभाई निवृत्त झाले. पुढे काही वर्षांनी शकिलाभाभी गेल्या. चहात साखर किती घालायची यावरून नवराबायकोचं चाळीस वर्षं रोज वाजायचं. आता चहा जसा येईल तसा झहीरभाई पिऊन टाकत. नेरळच्या घरात मुलगा कामरान कामावर, सून अल्मास तिच्या शिवणकामात, आणि झहीरभाई टीव्हीसमोर. समोर काय चाललंय ते विचारलं तर सांगता यायचं नाही. झोप उडाली, जेवण तुटलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि "माणसांत जा," असंही सांगितलं. पण जायचं कुठे ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

ते काम अल्मासने केलं. तिच्याकडे ब्लाउज शिवायला येणारी कोंडी नावाची आजी एक दिवस मापं देता देता रडायला लागली. मुलाने, किशोरने, म्हणे तिची खाट पडवीतून उचलून आतल्या खोलीत टाकली होती. "मला अडगळीत घातली," म्हणत होती. अल्मासने सासऱ्यांना हाक मारली, "अब्बा, जरा बघा." झहीरभाई कोंडीआजींच्या घरी गेले आणि मायलेकांना एकमेकांची तिकिटं काढायला लावली. निघालं असं, की किशोरने आईसाठी आतल्या खोलीत एसी बसवला होता आणि आई खूश का होत नाही म्हणून बिचारा आठवडाभर तोंड पाडून फिरत होता. आजींना एसी नको होता. त्यांना पडवीतून रस्त्यावरची माणसं बघायची होती. खाट परत पडवीत आली. एसीत आता किशोर झोपतो.

त्या दिवशी झहीरभाईंनी घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मग एकातून एक अशी भांडणं यायला लागली. बहुतेक म्हाताऱ्यांचीच. नळावरून, पायरीवरून, लग्नात मान दिला नाही यावरून, आणि कधी कधी कशावरून ते दोघांनाही आठवत नसायचं. डॉक्टरही हसत हसत विचारायचे, "आजी, झोपेची गोळी देऊ, की झहीरभाईंकडे पाठवू?" अल्मास तर म्हणायची, "अब्बा, भांडणं हीच तुमची औषधं. सकाळी एक, संध्याकाळी एक." यावर झहीरभाई रागावल्यासारखं करत, पण त्यांना ते आवडायचं.

गेल्या एप्रिलमध्ये जनीवहिनींचा फोन आला. "भावजी, जरा येवून जावा. ह्ये शेतावर जात नायत. औंदा शेतच लावायचं नाय म्हनतात."

झहीरभाई हातातला कप तसाच ठेवून उठले. चांगोदादा आणि शेत लावणार नाहीत! त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी बांधावर चक्कर मारून आला होता.

प्रकरण होतं राबाचं. आपल्याकडे भाताचं रोप करायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, झाडांची छाटलेली कवळं, पालापाचोळा, गवत असे थर घालतात, वर बारीक माती पसरतात आणि पावसाच्या आधी ते भाजतात. तो राब. चांगोदादांच्या राबाच्या तुकड्याला लागूनच तीन वर्षांपूर्वी एक चार मजली सोसायटी उभी राहिली होती. खिडकीतून हिरवी शेतं दिसतात म्हणून लोकांनी हौसेने फ्लॅट घेतले. शेतं हिरवी होण्याआधी त्यांचं काय काय करावं लागतं हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी मे महिन्यात राबाचा धूर थेट घरांत शिरला. म्हणून या खेपेला सोसायटीचे सेक्रेटरी योगेंद्र सामंत यांनी आधीच ग्रामपंचायतीत अर्ज दिला आणि शेताच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीवर एक पाटी लावली.

"धुराचं भांडन? ह्ये तर सोपं हाय," असं झहीरभाई जनीवहिनींना म्हणाले आणि सरळ सामंतांच्या दारात जाऊन उभे राहिले. सामंत पासष्टीचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बोलायला नीटनेटके. त्यांच्या पत्नीला, समिधाताईंना, दमा होता आणि आदल्या वर्षीच्या धुरात तो फार बळावला होता. झहीरभाईंनी पंधरा मिनिटांत सगळं ठरवून टाकलं. वारा शेताकडून गावाबाहेर जात असेल तेव्हाच राब भाजायचा, एकाच दिवसात उरकायचा, दोन दिवस आधी कळवायचं, त्या दिवशी समिधाताईंनी बाहेरगावी जायचं. सामंतांनी मान डोलावली. झहीरभाईंनी ते चांगोदादांना जाऊन सांगितलं. चांगोदादा पडवीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. "बरं," इतकंच म्हणाले. झहीरभाई खुशीत घरी आले आणि अल्मासला म्हणाले, "पाव तासात मिटवलं!"

चार दिवसांनी पुन्हा फोन. "भावजी, काय मिटवलंत तुमी? ह्ये तर आता जेवत बी नायत. राबासाठी जमवलेला पाला लोकांना वाटून टाक म्हनतात."

झहीरभाईंनी फोन खाली ठेवला. अल्मासने काजं करता करता विचारलं, "अब्बा, तिकिटं काढली होती ना?"

काढली नव्हती. चांगोला काय सलतंय ते आपल्याला ठाऊकच आहे, पन्नास वर्षांचा दोस्त तो, त्याला काय विचारायचं, असं त्यांनी धरून चाललं होतं. एकतीस वर्षांत एकालाही बिनतिकीट बसू न देणाऱ्या माणसाने आपल्या जिवलग दोस्तालाच तसा सोडला होता. झहीरभाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी चपला घातल्या आणि चांगोदादा-सामंतांना बोलावणं करायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघे शेतावर जमले. चांगोदादांना जनीवहिनींनी जवळजवळ ढकलतच आणलं होतं. बांधावरच्या आंब्याखाली सामंत रुमाल अंथरून बसले. चांगोदादा भिंतीकडे पाठ करून बसले. झहीरभाईंनी ते बघितलं आणि मनात ठेवलं.

"सामंतसाहेब, आधी चांगोदादांचं तिकीट काढा. त्यांना काय सलतंय ते तुमी सांगायचं. ते बरोबर म्हनाले की तुमचा नंबर."

सामंतांनी घसा साफ केला. "त्यांना वाटतं, आम्ही बाहेरून आलो आणि गावावर हुकूम चालवतो."

"नाय," चांगोदादा म्हणाले.

"अर्जामुळे आपली शेती बंद पडेल, अशी त्यांना भीती वाटते."

"नाय."

"मग मी चहाला कधी बोलावलं नाही म्हणून?"

"नाय. पन ते बी खरं हाय," जनीवहिनी मधेच म्हणाल्या.

सामंतांनी इकडेतिकडे बघितलं. त्यांची नजर स्वतःच लावलेल्या पाटीवर गेली. "ही पाटी का?"

चांगोदादांची पाठ ताठ झाली. "वाचा," झहीरभाई म्हणाले. सामंतांनी वाचलं, "या ठिकाणी कचरा जाळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून."

"परत वाचा."

"या ठिकाणी कचरा..." इथे सामंत अडखळले. "हा शब्द?"

आणि मग इतक्या दिवसांचे मुके चांगोदादा बोलायला लागले. "ह्या वयात झाडावर चढून कवळं तोडली मी. हिनं शेन गोळा केलं, दारोदार. थर घालायचा, माती चाळायची. माझ्या आज्यानं ह्याच तुकड्यावर राब भाजला, बापानं भाजला. त्याच्यावर रोप होतं, त्याचा भात लोक खातात. आनि तुमी लिवलंत, कचरा. रोज सकाळी यायचो, रोज वाचायचो. मंग वाटायला लागलं, ह्ये राबाचं नाय, माझंच लिवलंय. म्हातारा झालो, आता मीच कचरा."

जनीवहिनींनी पदर तोंडाला लावला. झहीरभाईंना आपला तो पाव तास आठवला. आपण वाऱ्याची दिशा ठरवत बसलो होतो, आणि हा माणूस रोज त्या भिंतीसमोर उभा राहून तो शब्द वाचत होता.

सामंतांनी पाटीवरची नजर काढून चांगोदादांकडे बघितलं. मग म्हणाले, "मला राब हा शब्दच माहीत नव्हता हो. पाला दिसला, मी कचरा लिहिलं." आणि मग एकेक शब्द जपून उच्चारत, "तुमच्या कामाला मी कचरा म्हणालो. ते तुम्हाला लागलं."

"हां," चांगोदादा म्हणाले. "बरोबर."

"आता तुजा नंबर," झहीरभाई चांगोदादांना म्हणाले. "साहेबांचं तिकीट काढ."

"धुरानं ह्यांचे कपडे काळे होतात."

सामंतांनी मान हलवली. नाही.

"बाईंना दम लागतो."

"निम्मं बरोबर," सामंत म्हणाले.

"अर्धं तिकीट हितं चालत नाय," झहीरभाईंनी दटावलं. "म्हाताऱ्यांची सवलत फक्त एसटीत."

चांगोदादांनी सामंतांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. इस्त्रीचा शर्ट, नवेकोरे बूट, रुमालाच्या चार कोपऱ्यांत आवरून बसलेला माणूस. मग हळू आवाजात म्हणाले, "बाईंचा श्वास अडकला तवा तुमी घाबरलात. आनि हाक कोनाला मारायची ते तुमाला ठावं नव्हतं."

सामंतांनी चष्मा काढला. "तीन वर्षं झाली इथे येऊन. त्या दिवशी फोन उघडला, तर शेलूतला एकच नंबर होता. गॅसवाल्याचा. मी त्यालाच फोन केला हो! तो म्हणाला, सिलिंडर उद्या येईल." ते हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. "पाटी मी रागाने लावली नाही. भीतीने लावली. बरोबर आहे तुमचं."

"मंग आता दुसरा नंबर लिवून घ्या," चांगोदादा म्हणाले. "दिवसा, रातीला, कवाबी. घ्या लिवून. माझा नंबर... नऊ... आठ..." आणि ते जनीवहिनींकडे बघायला लागले. स्वतःचा नंबर त्यांना आयुष्यात कधी पाठ झाला नव्हता.

जनीवहिनींनी नंबर घडाघडा सांगितला. सामंतांनी लिहून घेतला, आणि झहीरभाईंनी सामंतांच्या स्टीलच्या बाटलीवर बोटाच्या अंगठीने दोनदा वाजवलं. टण टण. डबल बेल.

पुढचं सगळं आपोआप जमत गेलं. सोसायटीच्या आवारात बदामाची झाडं होती. त्यांचा वाळका पाला दर आठवड्याला पोत्यांत भरून घंटागाडीत जायचा. गेटाजवळ ती पोती बघून चांगोदादा ओरडलेच, "अरं, ह्यो तर राब हाय! फेकता काय?" मग रविवारी सकाळी सोसायटीतली माणसं पोती ओढत शेतावर यायला लागली. बायका कवळं पसरायला शिकल्या. एका निवृत्त बँक मॅनेजरला मातीचा थर इतका आवडला की तो चाळण सोडायलाच तयार होईना, शेवटी जनीवहिनींनी ती हातातून काढून घेतली. चांगोदादा कमरेवर हात ठेवून सगळ्यांवर खेकसत होते. "पातळ नको! जाड नको! हितं टाक गं!" जनीवहिनी म्हणाल्या की ते आता जेवताना दोनदा वाढून घेतात आणि परत पूर्वीसारखे घोरतात, त्यामुळे आता झोप लागत नाही ती वहिनींना.

राहता राहिला भाजायचा दिवस आणि समिधाताईंचा दमा. त्यावर तोडगा खुद्द जनीवहिनींनी काढला. जन्म कशेळ्यात, संसार शेलूत, आणि माथेरानचा डोंगर दारातून दिसत असूनही त्या माथेरानच्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या. "ती पाव्हण्यांची गाडी, आपल्याला काय," म्हणून राहूनच गेलं होतं. राब भाजायचा त्या दिवशी समिधाताई आणि जनीवहिनी जोडीने माथेरानला निघाल्या. जनीवहिनी ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. नेरळ स्टेशनवर झहीरभाई त्यांना सोडायला गेले, तर जनीवहिनींनी खिडकी धरून ठेवली होती आणि डब्यातल्या कुणालाही द्यायला त्या तयार नव्हत्या. झहीरभाईंना जुन्या गाडीतले दिवस आठवले. ते हसतच शेलूला आले.

वारा बघून, खालच्या अंगाने काडी लागली. राब धुमसत, हळूहळू सरकत भाजत गेला. धूर माळाकडे गेला. सोसायटीतले सगळे गच्चीवर उभे होते. दुपारी चांगोदादांचा फोन वाजला. जनीवहिनी वरून इतक्या मोठ्याने बोलत होत्या की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "अवो, वरनं समदं दिसतंय! त्यो धूर आमचाच, मी ओळखला! समिधाताई म्हनतात, किती शोभतोय!"

चांगोदादा लाजले. खरोखर लाजले.

संध्याकाळच्या आत काम आटोपलं. तेवढ्यात सामंत रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन भिंतीशी आले. तिकिटं काढली त्याच दिवशी त्यांनी जुनी पाटी पुसून टाकली होती आणि पंचायतीतला अर्जही मागे घेतला होता. आता त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, आणि बाजूला झाले. चांगोदादा पुढे गेले. बोट फिरवत, एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, "या ठिकाणी राब आहे. येथे कचरा टाकण्यास सक्त मनाई आहे."

दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, गच्चीवरच्यांना ऐकू जाईल असं. मग म्हणाले, "खाली आदेशावरून लिवा की." सामंतांनी लिहिलं. "कोनाच्या आदेशावरून, ते बी लिवा." सामंतांनी हसत हसत 'चांगोदादा' असं लिहिलं.

सामंत घरी गेल्यावर दोघे दोस्त आंब्याखाली टेकले. समोर राबाची राख अजून गरम होती. झहीरभाई खूश होते. एक मोठं काम मार्गी लागलं होतं आणि उद्या नेरळमध्ये दोन विहिणींचं एक झकास भांडण त्यांची वाट बघत होतं.

"झहीर," चांगोदादा एकदम म्हणाले, "तुजं तिकीट कोनी काढलं रं?"

"माजं? मी कंडक्टर. कंडक्टरला तिकीट नसतं."

"काढतो थांब." चांगोदादांनी डोळे बारीक केले. "तुला साखर झालीय, म्हनून तू चिडतोस."

"नाय."

"पोरगा येळ देत नाय."

"नाय रं. तो बरा हाय."

चांगोदादांनी पाण्याच्या डब्यातून दोन घोट घेतले आणि कोयता मांडीवर आडवा घेतला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वयनी गेल्या तवापासनं तुज्याशी भांडायला घरात कोन नाय. चहा गोड झाला तरी बोलायला मानूस नाय. म्हनून तू लोकांची भांडनं गोळा करत फिरतोस."

चार वर्षांत डॉक्टरांनी झहीरभाईंचं रक्त तपासलं होतं, मुलाने औषधं आणली होती, सुनेने कामाला लावलं होतं, सगळ्यांनी सगळं प्रेमाने केलं होतं. पण हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"बरोबर," ते म्हणाले.

"मंग उद्यापासनं सकाळचा चहा हितं," चांगोदादा म्हणाले. "जनी लई गोड करते. रोज भांडू."

आणि त्यांनी कोयत्याची मूठ पाण्याच्या डब्यावर दोनदा वाजवली.